पोटभाडेकरू

बॅलार्ड इस्टेटच्या तळघरात, एकोणीस अंशांवर,
बाराही महिने शाल पांघरून बसणारी मी.
वर मे महिना असतो, असं ऐकून आहे.

यंत्र काळं, कपाटाएवढं.
याच्या आधीचं मोठं होतं, त्याच्या आधीचं तर
भिंत फोडून आत घेतलेलं.
दर वेळी खोकं बदललं. व्याजाचा हिशोब तोच,
कोबोलमधला, माझ्या हातचा, एक्क्याण्णव सालचा.

यंत्राच्या पोटात काय चालतं, ते कधी दिसलं नाही.
बिघडलं की कंपनीचा माणूस यायचा, टाय लावून.
म्हणायचा, जरा बाहेर थांबता का?
बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुषमंडळी थांबतात
तसे आम्ही पॅसेजमध्ये.

यंदा लायसन्सचं बिल आलं.
तलपदे साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
जागा आपली, वीज आपली,
आणि वर दरसाल पागडी?

तेव्हा इर्शाद मुकादम, वय सव्वीस, दापोलीचा,
म्हणाला, यंत्र टाकू नका.
याच खोक्यात लिनक्स बसतं. एक नाही, दोनशे.
प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच.

म्हणजे पोटभाडेकरू, साहेब म्हणाले. मालक कोण?
कोणीच नाही. म्हणजे, सगळेच.
साहेब गप्प झाले. गिरगावात त्यांच्या चाळीचा दावा
एकतीस वर्षं चालू आहे,
नेमका याच मुद्द्यावर.

फुकट म्हटल्यावर बोर्ड घाबरलं.
बोंब मारायची तर कुणाच्या नावानं,
हा विषय तीन मीटिंगा पुरला.
शेवटी सपोर्टचे पैसे भरून
बोंब मारण्यापुरतं एक दार विकत घेतलं.
मग सह्या झाल्या.

दिवाळीआधीच्या शनिवारी रात्री हलवाहलव.
चौथ्या मजल्यावर धापा टाकणारे एकशे चाळीस सर्व्हर
खाली उतरले आणि मावले.
(वर आता कॅरम खेळतात.)
माझा कोबोल मात्र शेजारच्या भागात, जुन्याच सिस्टीमवर.
त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

पहाटे तीनला बॅकअप अडकला.
इर्शादचा लॉग सांगत होता, सगळं ठीक.
पण फीत पूर्ण गुंडाळून झाली की
एक बारीकसा 'हं' करते. तो आला नव्हता.
मी म्हटलं, ती अजून गुंडाळतेय,
तू आधीच हाक मारतोयस.

त्यानं चहाचा कप सरकवला आणि एक फाइल उघडली.
एवढंच. टाय नाही, काही नाही.
खुर्ची माझ्याकडे ढकलली.

सी भाषा मला येत नाही.
पण वाट बघणं कुठे लिहिलंय, ते ओळखू आलं.
तिथे परदेशातल्या कुणाची तरी टीप होती :
हे असं का चालतं ते मला कळत नाही, पण चालतं.
मला हसू फुटलं. अगदी अशीच टीप
माझ्या व्याजाच्या हिशोबात आहे, त्र्याण्णवची.

एक आकडा वाढवला. 'हं' ऐकू आला.

इर्शाद म्हणाला, ही दुरुस्ती पाठवून देऊ.
कुणाला? सगळ्यांना.
लीगलची परवानगी यायला पाच आठवडे गेले,
मग तो पुन्हा खाली आला, खुर्ची ओढून बसला.
चूक तुम्ही पकडलीत मॅडम, नाव तुमचं हवं.

चौतीस वर्षं मी एम्प्लॉयी नंबर चारशे बारा.
प्रोग्रॅमच्या माथ्यावर बँकेचं नाव,
तळाशी बँकेचं,
मधल्या अकरा हजार ओळी निनावी.

शरयू, म्हटलं.
पूर्ण नाव लागतं.

एसी चालू होता. माहेरचं आठवून पाहिलं,
सासरचं पासबुकावर आहेच.
तो थांबला होता, बोटं कीबोर्डवर,
आता चांगलं शिकला होता थांबायला.

शरयू एवढं टाईप करून ठेव, म्हटलं.
आडनाव उद्या सांगते.