आठशे पावलं

डॉक्टर म्हणाले, सध्या आठशे.
गुडघा नवा आहे, बाई जुनी,
सांभाळा.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर
वेंगुर्ल्याचा नकाशा काढला.
चौतीस वर्षं बँकेत परक्यांचे हिशेब जुळवले,
आता शालनची एक संध्याकाळ
आठशेत बसवायची होती.

तीन दिवस एकटाच मोजत फिरलो,
तिचं म्हणून अर्धं पाऊल टाकत,
खाली बघत.
मासळीवाली मालन म्हणाली,
“भाऊनू, काय सांडलां तुमचां?”
मी म्हटलं, “एकशे बारा,”
आणि आकडा निसटू नये म्हणून
तसाच पुढे गेलो.

मार्केटच्या दारापर्यंत रिक्षा. ती पावलं धरायची नाहीत.
दारापासून इनास मास्तरांचं शिलाईचं दुकान, नव्वद.
बाहेर बाकडं. त्याचा एक पाय लुळा,
त्या टोकाला मी बसायचं.
गटाराच्या कडेकडेनं पेडणेकरांचा सोडा, एकशे तीस.
पायऱ्या दोन, उजव्या हाताला गज आहे,
पण गंजलेला, तिला रुमाल द्यायचा.
तिथून डच वखार, दोनशे दहा, तीही बाहेरूनच.
आतल्या जिन्यावर शालन मला पहिल्यांदा
“बघूया” म्हणाली होती,
पण तो जिना आता नाही.
जिना: शून्य.
मग पुन्हा रिक्षा, बंदर.
तिथी सप्तमी, भांगाचं पाणी,
धक्का कोरडा मिळेल.
जाऊन-येऊन तीनशे.
सूर्य सहा छत्तीसला.

राखीव सत्तर.
वाटेत कोणी भेटलंच तर.

शालन निळं पातळ नेसून आली.
मोजायची गरजच पडली नाही,
नव्वदाव्या पावलावर बाकडं आलं
आणि ती नेमकी
लुळ्या टोकाला बसली.

इनास मास्तर चष्म्यावरून बघून म्हणाले,
“बाय, तुझो एक ब्लाउज रवलोहा माझ्याकडे.”
कधीचा, ते दोघांनाही आठवेना.
माळ्यावरून फिलोमिना उतरली.
बांगडीवाल्यांची सून आली, तिला शालननं
बालवाडीत बोट धरून ‘ग’ गिरवायला लावला होता;
आता तिच्या कडेवर तिचं पोर, नाक वाहतं.
पेडणेकरांकडून सोडा आपणहून आला,
पोऱ्याच्या हातून, रस्ता ओलांडून,
आणि तोही बर्फ घातलेला.
मालनसुद्धा आली, रिकामी पाटी उपडी घालून बसली
आणि “एकशे बारा” काय होतं
ते सगळ्यांदेखत विचारलं.
मी सांगितलं.
शालन इतकी हसली
की बाकडं डुगडुगलं.

सहा एकतीस. मी उभा राहिलो.
“शालन, सूर्य.”
“उद्या परत येतलो मगे तो,” ती म्हणाली,
आणि फिलोमिनाला
सोलांना यंदा रंग का नाही, हे विचारत राहिली.

मग लाईट गेली.
एकदम, नेहमीसारखी,
सगळ्या गल्लीनं एकच “ह्यॅ” केलं.
इनास मास्तरांनी मेणबत्ती लावली, मशीनच्या डोक्यावर चिकटवली
आणि खुर्चीवरून उठले,
कारण शालन म्हणत होती,
“माका जरा बसाक दी.”

नवा गुडघा
पायडलवर.
कापड नाही, दोरा नाही,
नुसती सुई खाली-वर.
आधी अडखळत, उलटं चाक फिरलं,
मग खटखट खटखट.
मी सवयीनं मोजायला लागलो.
तिच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट,
मागच्या भिंतीवर तिची सावली
डोंगर चढणाऱ्या बाईसारखी.
दोनशे साठपर्यंत मला आठवतं.

“ह्यां धरूचां नाय हां,” ती म्हणाली,
न थांबता.

सोमवारी बिल भरायला गेलो.
खिडकीतल्या नव्या मुलीनं शिक्का मारताना
कागद उलटा केला, वाचला.
“काका, ह्यां काय? जिना, शून्य?”
मागे लाईन होती.
मी म्हटलं, “शिल्लक आहे,
पण ती दुसऱ्या खात्यात.”