पहिले तीन सेकंद

सर्व्हिस करून नेलेली गाडी
तिसऱ्या दिवशी सलमाबादला परत.
"आवाज येतो," अबू फाडेल म्हणाला,
आणि ती उभी, पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी
गप्प.

स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
पट्टा ठीक. पुली ठीक. ऑइल खुणेपर्यंत.
"मला वेडा ठरवतोस?"
"नाही. रात्रभर ठेवून जा.
गार झाल्याशिवाय बोलायची नाही ही."

पहाटे साडेचार. शटर अर्धं वर.
किल्ली फिरवली,
टकटक टकटक टकटक
एक, दोन, तीन मोजले
आणि चूप.

फिल्टर.
आतली रबरी चकती तेल धरत नाही,
रात्रभर उतरतं खाली,
सकाळी वरचं लोखंड कोरडं लोखंडावर.
शेठनं खोकंभर आणलेला स्वस्त माल.
पिळून बसवला मात्र मीच,
त्यावर माझ्याच ग्रीसची बोटं.

नवा माझ्या पैशानं घ्यायचा.
बिलावर काय लिहायचं, ठरत नव्हतं.
दुकान उघडायला अवकाश होता,
म्हणून घरी फोन लावला.
"बाबा, आवाज असा का येतोय?"
"काही नाही गं.
अजून कुणाशी बोललो नव्हतो.
जातो आपोआप."