भेटीचा अर्ज

काचेपलीकडच्या माणसाला भेटायचं
तर आधी त्याचं नाव ठाऊक असावं लागतं.
अर्जावर तसा रकानाच आहे. नाव, देश, नातं.
ज्याचं नाव बाहेर कुणाला माहीत नाही
त्याला भेटायला कुणी येऊ शकत नाही,
आणि कुणी येत नाही म्हणून
त्याचं नाव बाहेर येत नाही.
असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.
तरी चालतं. बिनचूक चालतं.

मी किकुए इशिवाता. वय एकाहत्तर.
कमळकाकडी काढण्यात हयात गेली.
गार चिखलात कोपरापर्यंत हात घालायचा,
न दिसणारं चाचपायचं,
मोडू न देता वर आणायचं. एवढीच माझी विद्या.

पहिलं नाव मुनाकाता बाईंनी दिलं,
वाणसामानाच्या पावतीमागे लिहून. वेलात.
तुर्कस्तानातला कुर्द.
नात्याच्या रकान्यात काय लिहू, विचारलं
तर खिडकीतला मुलगा म्हणाला, रिकामं चालणार नाही.
मी लिहिलं, ओळखीचा.
मग आत जाऊन ओळख करून घेतली.

अर्धा तास. मध्ये जाड काच, तिला एकही भोक नाही.
शब्द खालच्या जाळीतून येतात,
पायाशी सांडल्यासारखे.
पहिल्या बुधवारी मी हवेपाण्याचं बोलले, तो गप्प.
दुसऱ्या बुधवारी म्हणाला, मला काही नको. हे लिहून घे.
आणि काचेवर बोटाने त्याने दोन नावं काढली,
स्वतःकडून उलटी,
मला सुलटी दिसावीत म्हणून.
नालक. न्गासा.

वहीत आता दोनशे सोळा आहेत.
निळी खूण म्हणजे सुटला, लाल म्हणजे परत पाठवला.
काळी एकदाच केली.
त्यानंतर ती पेन्सिल घरात ठेववेना.

मुनाकाता बाई खासदारांच्या दारात कागद घेऊन उभ्या राहतात.
कॉलेजातली मुलं फलक रंगवतात, अक्षर फार सुरेख.
मला ते जमत नाही. मी वेळेवर जाते.
शेजारीण म्हणाली, तुला गं काय पडलंय त्यांचं?
उत्तर सुचलं नाही.
तिला चार काकड्या दिल्या, चिखलासकट.

उन्हाळ्यात त्यांनी ताटं परत पाठवली.
वेलातला चाकाच्या खुर्चीतून आणलं.
माझा डबा बाहेरच्या कपाटात कुलपात,
त्यात कमळकाकडीच्या चकत्या.
काही बोलायचं म्हणून सांगितलं,
नव्या वर्षाला आम्ही हे खातो,
भोकांतून पुढचं दिसतं म्हणतात.
तो हसला. ओठ फुटले होते.
म्हणाला, एक चकती साहेबांना पाठव.
मला कधी सोडणार, ते त्यांनाही दिसत नाही.

कुंपणापाशी आम्ही अकरा जण.
मुलांनी घोषणा दिल्या, घसे बसले,
मग कर्णा माझ्या हातात आला
आणि मला एकही घोषणा आठवेना.
वही उघडली. नावं वाचायला लागले.
खिडक्यांना धुरकट काचा, त्या उघडत नाहीत.
नाव आलं की आतून कुणीतरी ठोकायचं. एकदाच.
काही नावांना काहीच आलं नाही.
तिथे मी थांबले. मग पुढचं.

मार्चमध्ये वेलात सुटला. तात्पुरता.
काम करायचं नाही, जिल्हा ओलांडायचा तर परवानगी.
तो बांधावर उभा राहून माझे हात चिखलात जाताना बघतो,
रबरी मोजे घालतो, काढून ठेवतो.

गेल्या बुधवारी माझ्याबरोबर आला.
त्याच्या जुन्या अंथरुणावर आता म्यानमारचा एक पोरगा आहे,
वहीत सगळ्यात शेवटचा, अजून कुणी न पाहिलेला.
वेलातने नाव लिहिलं, देश लिहिला,
तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडलं.
मी म्हटलं, ओळखीचा लिही, चालतं.
त्याने मान हलवली, नाही.
सावकाश, शाळकरी अक्षरांत लिहिलं,
त्याच खोलीतला.

खिडकीतल्या मुलाने शिक्का उचलला
आणि मारायचा कुठे,
बराच वेळ कागदावर शोधत राहिला.