बिब्ब्याची खूण

आमच्या घरात एकच फळ
दोन कामांना लागायचं.

माघात जामसिंग पावरा
वैजापूरच्या जंगलातून पोतं घेऊन चोपड्यात उतरायचा.
पोत्यात काळेभोर बिब्बे,
आणि वेगळ्या फडक्यात आम्हा पोरांसाठी
त्यांचीच वाळवलेली नारिंगी बोंडं,
गोड, चिवट, घशाला जरा कातरणारी.
“बोंड खा,” म्हणायचा, “बी नको शिवू. उतीन तुले.”
एकाच देठाला खाऊ आणि आग,
हे मला शाळेच्या आधी कळलं.

निम्मं पोतं आमचं, परटांचं.
बाप सुईनं बिब्बा टोचायचा,
कापडाच्या कोपऱ्यावर थेंब, वर चुन्याचं बोट.
तेल्यांच्या घरचे दोन टिंब, मास्तरांचा त्रिशूळ,
मुकुंदबुवा वैद्यांची चंद्रकोर.
रत्नावतीच्या दगडावर धोतर विरून जाईल,
चंद्रकोर जायची नाही.

उरलेलं पोतं मी बुवांकडे पोचवायचो.
“हे औषध नाही,” ते म्हणत, “विस्तव आहे.
राबवायचा तर आधी त्याची भूक भागवावी लागते.”
टोप्या छाटून बिब्बे विटेच्या भुकटीत,
गोणपाटात घालून दिवसभर घोळायचे.
वीट तेल पिऊन पिऊन काळी पडे.
मग नारळाचं पाणी, मग दूध, शेवटी तूप.
हाताला खोबरेल लावल्याशिवाय
त्या खोलीचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही,
मांजरसुद्धा ओलांडत नसे.

कुणाला द्यायचं ते ठरवायला बुवांना आठवडा लागे,
कुणाला नाही, ते माणूस चप्पल काढतानाच कळे.
पित्ताचा: नाही.
पोटुशी, लेकरू: नाही.
चैत्र लागला की कितीही हात जोडा, नाही.
केळीचे घड वाहून सांधे धरलेल्या हमालाला दिलं.
मूळव्याधीनं उभ्यानं मशीन मारणाऱ्या
उत्तम शिंप्याला दिलं, पथ्य सांगून:
मीठ बंद, ऊन बंद, भांडण बंद.
“भांडण कसं बंद करू, बुवा? घरात भाऊ आहे.”
“मग मूळव्याध राहू दे.”

त्याच वर्षी बाप उतला.
चाळीस वर्षं ज्यानं काही केलं नव्हतं
त्यानं एका रात्रीत मनगटापासून मानेपर्यंत
फोड उठवले. डोळे सुजून मिटले.
लोक दुसऱ्यांच्या लग्नात बिब्बा घालतात,
आमच्या घासातच कुणी घातला होता.

बुवा स्वतः आले, अनवाणी.
चिंचेचा पाला वाटला, तीळ वाटले,
ओलं खोबरं अंगभर लावलं, थोडं खायला दिलं.
नऊ दिवस रोज येत होते.
पैसे विचारले तर म्हणाले,
“मी तुझ्याकडून आग उसनी घेत होतो, श्रावण.
तिचा हिशेब असा लागतो.”
बापाला ते कळलं नाही.
मलाही तेव्हा नाही.

पुढं मार्करची पेनं आली, मग नंबराच्या पट्ट्या.
बुवा गेले तेव्हा त्यांचं एक गाठोडं आमच्याकडेच होतं:
दोन पंचे, एक धोतर.
मुलगा सुरतेला. म्हणाला, “ठेवा, नाहीतर टाका.”
पंचे बापानं वापरले.

धोतर मी दरवर्षी माघात एकदा धुतो.
आपटत नाही, नुसतं खळबळतो,
आता त्याच्यातून पलीकडचा काठ दिसतो.
कोपरा तपासतो.
आणि पाण्यात हात घालण्याआधी
दोन्ही हातांना खोबरेल लावतो,
गरज नसते, तरी.