निरंक

फ्रेस्नो नगरपालिका, दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार.
कुणीही यावं, दुकानाचा पत्ता सांगावा;
ही नोंदवही सगळ्यांची आहे, असं कायदा म्हणतो.
येतात मात्र थोडेच.
वकिलांकडची पोरं, घटस्फोटातले नवरे,
आणि एक म्हातारा, ज्याला फक्त बघायचं असतं
की त्याचं नाव अजून नीट लिहिलेलं आहे ना.

टुलारी स्ट्रीट, नऊशे सोळा.
एकाच दारात किती जणांनी मांडलं आणि आवरलं:
आधी बर्फवाला, मग जपानी न्हावी
(मे एकोणीसशे बेचाळीस, "बंद". कारणाचा रकाना कोरा),
मग बटणं, नुसती बटणं विकणारी एक बाई,
तिनं अडीच वर्षं तग धरला.
त्यानंतर हाइग बोयाजियान. पादत्राण दुरुस्ती.
कामगार एक: स्वतः.

माझी आई लाओसच्या डोंगरातून उतरली तेव्हा
तिच्यापाशी कागद म्हणावा असा एकही नव्हता.
म्हणून असेल, मला शेऱ्यांची गोडी लागली.
"मालक बदलला." "पत्त्यावर आढळला नाही."
"फी परत मागितली, दिली नाही."
माणूस एवढ्यात मावतो,
थोडा दुमडला की.

गेल्या जूनमध्ये जुनी खाती तपासताना
बोयाजियानपाशी बोट थांबलं.
दोन हजार नऊ: उलाढाल निरंक.
दहा: निरंक. अकरा: निरंक.
एकही साल चुकलेलं नाही, फी वेळच्या वेळी,
चेकवरची सही तेवढी दरसाल
जरा जास्त थरथरलेली.
त्या जागेत तर केव्हापासून मोबाइलची कव्हरं विकतात,
त्यांचा परवाना वेगळा, काचेत लावलेला.

रीतीप्रमाणे पत्र धाडलं:
व्यवसाय सुरू नसल्यास कळवावे.

उत्तर आलं नाही, बाईच आल्या.
आराक्सी बोयाजियान. एकशे सात डिग्रीत लोकरी स्वेटर,
पर्समध्ये बारा परवाने, इस्त्री फिरवल्यासारखे.
"दुकान चालू आहे?"
"नाही."
"मालक?"
त्यांनी माझ्याकडे नाही, काउंटरवरून वाकून
माझ्या बुटांकडे पाहिलं.
"डावी टाच झिजलीय," म्हणाल्या.
"त्यांनी पायरीवरचा आवाज ऐकूनच सांगितलं असतं."

बंद करण्याचा अर्ज एक पानी असतो. मी सरकवला.
"व्यवसाय बंद झाल्याची तारीख" या ओळीवर
त्यांचं पेन टेकलं ते टेकलंच,
शाईचा ठिपका पसरत गेला.
रांगेतला टाकोच्या गाडीवाला खोकला.
मग त्यांनी पेन उचललं, अर्ज परत केला,
आणि चेकबुक काढलं.

मी फी घेतली. शिक्का मारला.
उलाढालीत लिहिलं जे दरसाल लिहितात,
पण अक्षर जरा वळणदार काढलं.
संध्याकाळी जिना उतरताना
कितीतरी दिवसांनी ऐकू आली
माझी डावी टाच.