शनिवारी, कान बाहेर ठेवून

आधी ते काढायचं. बुटांच्याही आधी.
सौना तापला, चिमणीचा धूर सरळ उभा राहिला
की वाल्टो बाहेरच्या खोलीत बाकावर बसतो,
हात पँटला पुसतो, पुन्हा पुसतो,
आणि कानामागून उतरवतो
घेवड्याच्या दाण्याएवढं यंत्र.

वाफेशी त्याचं वैर, कुओपिओच्या दवाखान्यातली
पिहला म्हणाली होती. घामाशी, पावसाशी,
केसांवर मारायच्या फवाऱ्याशीसुद्धा.
नळाखाली धरायचं नाही कधी. कोरडं, मऊ फडकं.
रात्री सेलचं दार उघडं ठेवा, आतला ओलावा जाऊ दे.
नव्या सेलचं चिकट शेपूट सोललं की मिनिटभर थांबा,
श्वास घेऊ द्या त्याला, मग बसवा.
मी सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं.
वाल्टो मान डोलवत होता,
जशी तो कशालाही डोलवतो.

आयला, आमची नात, दोन वर्षांची.
सेल तिला चांदीची गोळी वाटते.
म्हणून वापरलेलेसुद्धा कॉफीच्या डब्यात,
डबा सगळ्यात वरच्या फळीवर,
आणि गुडघे दुखत असताना मी स्टुलावर.
गिळला तर आतून जाळतो,
वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

तुर्रेचं वेगळं. कुत्र्यांना म्हणे
कानातल्या मळाचा वास आवडतो,
यंत्र दिसलं की चघळतात.
हेही पिहलानंच सांगितलं,
आणि हेच माझ्या कामी आलं.

गेल्या हिवाळ्यात पहिलं यंत्र हरवलं.
उशाशीच ठेवलं होतं, वाल्टो म्हणाला.
तुर्रेनं खाल्लं असणार, मी म्हणाले.
त्या रात्रीपासून तुर्रे व्हरांड्यात झोपतो.

सौनात दोघंच असतो.
वरच्या फळीवर तो, खिडकीपाशी मी,
बाहेरच्या बर्फाचा उजेड माझ्या तोंडावर.
दगडांवर पळीभर पाणी पडलं की ते फुत्कारतात,
ते मला ऐकू येतं, त्याला नाही.
म्हणून मी बोलते.

की त्यानं धुरावलेला मासा
मला एकदाही आवडलेला नाही.
की एकोणऐंशी साली सावोन्लिन्नाच्या पोस्टात
मला बढती मिळत होती, ते पत्र मी चुलीत घातलं.
की रात्री तो यंत्र काढून झोपला
की मी दोघांच्या वाट्याचं ऐकत पडून राहते.
तो मान डोलवतो.

काल तेही सांगून टाकलं.
तुझ्या निळ्या सदऱ्याच्या खिशात होतं ते.
न बघता मीच धुवायला टाकलं,
चाळीस अंशांवर, दीड तास.
कानाशी धरून हलवलं तर आत पाणी वाजलं.
तळं गोठायच्या आधी नेऊन फेकलं,
आणि कुत्र्याचं नाव घेतलं.

वाल्टोनं मान डोलवली नाही.
पळीभर पाणी टाकलं. मग आणखी एक.

बाहेर आलो. ओल्या कानात घालायचं नसतं,
तो थांबला. कानामागे टॉवेल दाबला, पुन्हा थांबला.
छोट्या ब्रशानं टोकाचा मळ झाडला.
लाल ठिपका, म्हणजे उजवा.
बारीक शीळ वाजली, बोटानं नीट बसवलं, थांबली.
मग उठून व्हरांड्याचं दार उघडलं.
"तुर्रे," म्हणाला, "आत ये."

एकेचाळीस वर्षं वाल्टो
वार्काउसच्या कागद गिरणीत मशीनवर होता.
तिथं कोणाचंच कोणाला ऐकू यायचं नाही.
सगळे ओठांवरून वाचायचे:
शिव्या, जेवणाची सुट्टी, कोणाला मुलगी झाली.
हे मला ठाऊक होतं.
लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं.

तुर्रे चुलीपाशी दोनदा गोल फिरला आणि आडवा झाला.
मी बटाटे वाढले, मासा वाढला.
वाल्टोनं माझ्या ताटलीतला तुकडा
मुकाट्यानं उचलून आपल्या ताटलीत घेतला.
यंत्र कानात,
आणि नजर माझ्या ओठांवर.