सावली पडली की

सावली पडली की वर यायचं,
तोंड उघडायचं.
एकतीस वर्षं एवढंच शिकवलं मी त्यांना
टार्लेट नदीकाठच्या हॅचरीत,
सिमेंटच्या लांबट हौदांवर वाकून,
डाव्या हातात दाण्यांची बादली.

शिकवलं तरी कसं म्हणू?
जे तळाशी दडले ते खंगले,
जे धावत आले ते गुबगुबीत झाले,
आणि मार्चमध्ये फाटक उघडलं तेव्हा
समुद्राकडे निघाले ते हेच,
सावलीला न भिणारे.
पहिल्याच वळणावर बगळा उभा होता.

परतायचे हजारातले चार, कधी सहा.
बाबा, आर्वो लाम्पी, ज्यांनी हे हौद ओतले,
मादीच्या पोटावरून सुरी फिरवायचे,
नारिंगी अंडी बादलीत ओघळायची.
मग हाताला लागेल तो नर, दोन बोटांनी पिळलेला.
ढवळायला टर्कीचं पीस.
नदीत याच्यासाठी रात्र रात्र झुंज चालते,
शेपट्या फाटतात,
मादी खडीवर आडवी होऊन नाही म्हणते.
आमच्या बादलीत नाही म्हणायला जागा नव्हती.

शिवाय कोटा भरायचा असायचा,
म्हणून आधी येतील त्यांचीच अंडी.
ऑक्टोबर सरता सरता बादल्या भरल्या की फाटक बंद,
मागून येणाऱ्यांना खाली लोटून द्यायचं.
असं वर्षामागून वर्ष.
नदीचं पंचांगच आम्ही अलीकडे ओढलं.

ओस्कार नीमी सांगतो,
त्याच्या लहानपणी नाताळानंतर मासे चढायचे,
काळपट, जाड मानेचे, पूर ओसरल्यावर.
त्यांना फिनिशमध्ये एक नाव होतं.
दोनदा विचारलं, दोनदा वेगळं सांगितलं त्याने.
आताचे सगळे पुराआधी येतात,
खडीत खड्डे करून अंडी पुरतात,
आणि नोव्हेंबरचं पाणी खड्ड्यांसकट घेऊन जातं.

सोडण्याआधी आम्ही पिलांच्या पाठीवरचा बारका पर कातरतो.
पर नसेल तो आमचा,
असेल तो नदीचा.
या हिशोबावर मी सुखाने झोपत होते.

मग विद्यापीठातून कॅरिस आली,
कात्री आणि अल्कोहोलच्या कुप्या घेऊन.
तीन हिवाळे शेपट्यांचे कपटे गोळा करत हिंडली.
चौथ्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात कागद पसरले.
पर शाबूत, जन्म खडीतला,
आणि आजी आमच्या हौदातली!
दहातल्या सातांची.
शिवाय या आज्यांना नातवंडं कमी,
नदीच्या आज्यांपेक्षा निम्मी.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर
वाण नाही पण गुण लागतो म्हणे.
इथे वाणच लागला होता.
'एका पिढीत?' मी विचारलं.
'सुरुवातीला एक पुरते,' ती म्हणाली.
कॉफी गार झाली होती, तिने तशीच संपवली.

बाबांवर मी रागावू शकत नाही.
तेव्हा नदीतून ओंडके लोटत होते,
खडी चिरडून गेली होती,
एका शरदात अख्ख्या नदीत अकरा मासे मोजले त्यांनी.
घरी येऊन बादली शोधली.

एप्रिलमध्ये मी वर गेले,
आल्डरच्या मुळांपाशी, फाटकाच्या दोन मैल वर.
खडीतून नुकती सुटलेली पिलं,
नखाएवढी, पोटाला अजून पिवळा ठिपका.
यांना ना हौद माहीत, ना दाणे, ना मी.
मी वाकले.
सावली पाण्यावर सरकली आणि
सगळी दगडांखाली नाहीशी.

तीन वर आली.
तोंडं उघडून थांबली.
मी हलले नाही,
पण माझा डावा हात बादली चाचपत होता.